हिराबाई बडोदेकर : सुभद्रेची भूमिका आणि मैफलीची बैठक

आमच्या बडोद्यात हिराबाई बडोदेकर हे नाव निघाले की जुन्या मराठी घरांतून एक आपलेपणाचा सूर हमखास उमटतो. आडनावातच गाव असल्यामुळे त्या इथेच वाढल्या, इथेच शिकल्या असे पुष्कळांना मनोमन वाटत असते. वास्तविक हिराबाईंचा जन्म १९०५ सालचा, तोही मिरजेचा. बडोदे त्यांच्या नावात आले ते आईकडून. सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई आणि संस्थानच्या पदरी असलेले तरुण गवई अब्दुल करीम खाँ यांनी एकोणिसावे शतक संपता संपता हे गाव सोडले, ते परत न येण्यासाठी. पुढे ताराबाई मुलांसह खाँसाहेबांपासूनही विभक्त झाल्या. मुलांची नावे बदलली. चंपाकलीची हिरा झाली आणि ज्या गावाने आईला जवळ केले नव्हते, त्याच गावाचे नाव मुलीने आयुष्यभर मिरवले. या कुटुंबाला समाजात आपली जागा स्वतःच तयार करावी लागली. हिराबाईंच्या नाटकांचा आणि चित्रपटांचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही असे मला वाटते.

हिराबाईंवर जे लेखन होते, त्यात या विषयाला बहुधा एखादा परिच्छेद मिळतो. आईच्या हौसेखातर नाटक कंपनी काढली, बोलपट येताच ती बुडाली, कर्ज झाले आणि बाईंनी मैफली करून ते फेडले, असा त्याचा मथितार्थ असतो. हकीकत खरी आहे. परंतु सरकारी खात्यात माझी सारी हयात जमाखर्च पाहण्यात गेल्यामुळे म्हणा, केवळ नावेची बाजू लिहिलेले खाते पाहिले की मला चैन पडत नाही. या खात्यात जमेला काही होते की नाही?

प्रथम काळ लक्षात घेऊ. १८८२ साली आलेले किर्लोस्करांचे 'सौभद्र' सुमारे अर्धशतक पुरुष सुभद्रेने गाजवले होते आणि गंधर्व नाटक मंडळी निघाल्यापासून सुभद्रा म्हणजे बालगंधर्व हे समीकरण पक्के झाले होते. केवळ स्त्रियांच्या मंडळ्या होत्या, पण घरंदाज प्रेक्षक त्यांच्याकडे जरा दुरूनच पाहत असे. स्त्रीपुरुषांनी एकत्र काम करण्याच्या प्रथेचा मान सामान्यतः १९३३ सालच्या 'आंधळ्यांची शाळा'ला आणि ज्योत्स्नाबाई भोळ्यांना दिला जातो. तो मान योग्यच आहे, कारण त्या नाटकाने गद्य संवादाची आणि भावगीताची नवी वाट दाखवली. तथापि ताराबाईंच्या नूतन संगीत विद्यालयाच्या नाट्यशाखेने त्याआधीच आपल्या मुलामुलींना एकत्र रंगभूमीवर उभे केले होते, आणि तेही जुन्या संगीत नाटकात, जिथे तुलना थेट बालगंधर्वांशी होणार हे ठाऊक होते. या धाडसाची नोंद आपल्या नाट्येतिहासात फार बारीक अक्षरांत झाली आहे.

तुलना झालीच, आणि तीत हिराबाई नटी म्हणून उण्या ठरल्या. भक्तिभावाने हे झाकण्यात अर्थ नाही. बालगंधर्वांचे गाणे अभिनयातून निघे. रुसणे, लाजणे, आर्जव हे सारे स्वर लागण्याआधीच मानेत आणि डोळ्यांत दिसू लागे. हिराबाईंचे गाणे घडले ते सुरेशबाबूंच्या आणि अब्दुल वहीद खाँसाहेबांच्या तालमीत. तिथे स्वर हेच सर्वस्व होते. त्यांच्या नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकाव्यात. शब्द स्वच्छ, तान मोत्यासारखी, कुठेही ओरखडा नाही. पण रागावलेली स्त्री आणि प्रसन्न स्त्री या दोघी तिथे जवळजवळ एकाच आवाजात बोलतात. गोडवा हा त्या आवाजाचा स्वभाव होता आणि स्वभाव बाजूला ठेवून भूमिका करणे त्यांना जमले नाही.

मात्र हा केवळ अंगभूत गुणाचा अभाव होता, असे मी मानत नाही. हिराबाई मैफलीला बसत त्या दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन. हातवारे नाहीत, मुरका नाही, श्रोत्यांकडे कटाक्ष नाही. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. त्या काळात गाणाऱ्या स्त्रीच्या प्रत्येक हालचालीचा निराळा अर्थ काढायला समाज टपलेला असे. त्यांची ती निश्चल बैठक म्हणजे या समाजाला दिलेले उत्तरच होते. माझ्या हालचालींकडे नव्हे, स्वराकडे लक्ष द्या, असे न बोलता सांगण्याची ती रीत होती. तिने गायिकेला सभागृहात मान मिळवून दिला. परंतु नाटकात नेमके तेच लपवून भागत नाही. जिने चेहरा शांत ठेवण्याची साधना केली, तिला रंगमंचावर त्याच चेहऱ्याने बोलायला सांगणे म्हणजे एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने सोडायला सांगणे होते. हिराबाईंनी ते सोडले नाही. मला त्यात त्यांचे अपयश दिसते आणि निवडही दिसते.

पडद्यावर ही अडचण वाढली. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला आणि दोनचार वर्षांत संगीत नाटकाचा प्रेक्षक बोलपटाकडे वळला. ज्यांच्यापाशी गळा होता त्यांना स्टुडिओतून बोलावणी येऊ लागली. खुद्द बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त आले आणि कॅमेऱ्यासमोर अवघडले. हिराबाईंनीही 'सुवर्णमंदिर', 'जनाबाई', 'म्युनिसिपालिटी' अशा चित्रपटांत कामे केली. बाबूराव पेंटरांच्या 'प्रतिभा' (१९३७) मध्ये त्या होत्या, आणि दुर्गाबाई खोटेही. दुर्गाबाईंपाशी नाव घेण्याजोगे गाणे नव्हते, पण कॅमेऱ्याला काय हवे ते त्यांना अचूक समजले होते. हिराबाईंची स्थिती नेमकी उलट. नाट्यगृहात मागच्या रांगेतल्या माणसाला नटीचा चेहरा नीट दिसत नाही, आवाज तेवढा पोहोचतो. कॅमेरा मात्र चेहऱ्याला भिडतो आणि जे झाकलेले आहे तेच मागतो. पुढे पार्श्वगायन रूढ झाल्यावर गळा आणि चेहरा यांची फारकत झाली. धाकट्या बहिणीला, सरस्वतीबाई राणे यांना, त्याचा लाभ झाला. 'रामराज्य' (१९४३) मधले त्यांचे वीणेचे गाणे अजून लोकांच्या कानांत आहे. ही सोय दहा वर्षे आधी आली असती तर हिराबाईंच्या चित्रपटांची कथा कदाचित निराळी झाली असती. असो.

मग जमेला काय? माझ्या मते दोन गोष्टी. एक म्हणजे आटोपशीरपणा. नाटकातले पद प्रसंग अडवून धरू शकत नाही आणि ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीनएक मिनिटांची. थोडक्यात राग उभा करून बाजूला होण्याची जी हातोटी हिराबाईंच्या गाण्यात दिसते, ती केवळ ख्यालाच्या तालमीतून येत नाही. दुसरी गोष्ट श्रोता. दरबारात किंवा दिवाणखान्यात जो कधी आला नसता असा कारकून, मास्तर, दुकानदार, आणि मुख्य म्हणजे त्यांची बायको, हा श्रोता त्यांना नाटकाच्या तिकीटखिडकीने दिला. तबकडीने तो घरोघरी नेला आणि कर्ज फेडण्यासाठी गावोगाव झालेल्या मैफलींनी टिकवला. घराण्याचे गाणे मध्यमवर्गीय स्त्रीपर्यंत पोहोचवण्याच्या कामी हिराबाईंएवढा वाटा फार थोड्यांचा असेल. १९६५ सालचे संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक किंवा १९७० सालचे पद्मभूषण हे त्यामानाने उशिराचे हिशेब.

वडील अब्दुल करीम खाँ यांनीही 'मानापमाना'तले पद तबकडीवर गायले होते. बापलेकींची घरे वेगळी झाली, तरी मराठी रंगभूमीची ओढ दोन्ही घरांत राहिली, ही मला या साऱ्या कहाणीतली हुरहूर लावणारी गोष्ट वाटते.

कंपनी बंद पडल्यावरही नाटकाने त्यांना सोडले नाही. मैफलीत ख्याल झाले, ठुमरी झाली की श्रोते नाट्यपदाची फर्माईश करीत, आणि बाई ती मोडत नसत. तंबोरे तेच, बैठक तीच, दोन्ही खांद्यांवरचा पदर तसाच. रंगपट नाही, समोर अर्जुन नाही, कोणाच्या नजरेला नजर द्यायची नाही. नाट्यगृहात जी सुभद्रा त्यांना पुरती सापडली नव्हती, ती या बैठकीवर, डोळे मिटून गाताना, त्यांच्या फार जवळ येत असली पाहिजे.