हत्ती, नकाशा आणि नजरिया : दृष्टिकोनवादाच्या अध्यापनातील एक अडचण

विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात दृष्टिकोनवादाची आजची चर्चा प्रामुख्याने रोनाल्ड गिअरी यांच्या ‘सायंटिफिक पर्स्पेक्टिव्हिझम’ (2006) या ग्रंथापासून सुरू होते. वैज्ञानिक विधान हे नेहमी एखाद्या उपकरणाच्या किंवा प्रारूपाच्या जागेवरून केलेले असते. ‘या सिद्धान्तानुसार जग साधारण असे दिसते’ एवढाच दावा करता येतो, हे गिअरींचे मुख्य प्रतिपादन आहे. पण त्याच वेळी जग आपल्या इच्छेप्रमाणे दिसत नाही, हेही ते सोडत नाहीत. पदव्युत्तर वर्गात यातील पहिला अर्धा भाग सहज पोचतो आणि दुसरा वाटेतच गळतो. ‘ज्याचे त्याचे खरे’ असा निष्कर्ष उत्तरपत्रिकेत उमटतो. हे का घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक कारण आपण देतो त्या दृष्टान्तात आहे. हा विषय आला की हत्ती आणि आंधळे यांची गोष्ट सांगितली जाते. जैन अनेकान्तवादाच्या संदर्भात ती आपल्याकडे सर्वश्रुत आहे. मौलाना रूमी यांच्या मसनवीतही ती आहे, मात्र तेथे माणसे आंधळी नाहीत, घर अंधारे आहे. प्रत्येकाच्या हाती मेणबत्ती असती तर मतभेद उरला नसता, असे रूमी सुचवतात. म्हणजे दोन्ही कथांत संपूर्ण हत्ती पाहणारा कोणीतरी आहेच : एकीकडे कथा सांगणारा, दुसरीकडे प्रकाश. गिअरी तर असे सर्वदर्शी ठिकाण माणसाला उपलब्धच नाही, असे म्हणतात. अध्यात्मात ही गोष्ट अतिशय सुंदर आहे, दृष्टिकोनवाद शिकवण्यास मात्र कुचकामी.

गिअरींनी स्वतः वापरलेला नकाशाचा दृष्टान्त त्याहून बरा आणि तो आपल्या परिसरातूनच देता येतो. बालाघाट जिल्ह्यातील चंदन नदीकाठचे रामपायली घ्यावे. राजकीय नकाशावर ते मध्य प्रदेशात आहे आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून भंडाऱ्याकडची बाजू दुसऱ्या राज्यात आहे. नद्यांच्या नकाशावर ही सीमा गौण ठरते. चंदनचे पाणी वैनगंगेला मिळते आणि वैनगंगा पुढे भंडाऱ्यातून वाहते. भूशास्त्रीय नकाशावर नागपूर, भंडारा, बालाघाट असा मँगनीजचा एकच पट्टा दिसतो. एल. एल. फर्मोर यांनी 1909 च्या आपल्या ग्रंथात या खनिजाची सविस्तर मांडणी केली. येथील एका खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. यांपैकी कोणताही नकाशा पूर्ण रामपायली दाखवत नाही. तथापि चंदन नदी गावाच्या चुकीच्या बाजूने काढली तर तो नकाशा चुकीचाच. काय दाखवायचे हे नकाशा काढणारा ठरवतो. दाखवलेले बरोबर की चूक, हे त्याच्या हाती नसते. विद्यार्थ्याला नेमके हेच समजले पाहिजे.

दुसरे कारण भाषेत दडलेले आहे. मराठीत आपण ‘उत्क्रांतीचा सिद्धान्त’ म्हणतो, उर्दूत ‘नजरिया-ए-इर्तिका’. सिद्धान्त म्हणजे सिद्ध झालेला शेवट, वाद मिटला. नजरिया नजरेतून आलेला. त्याचा अर्थ शास्त्रीय उपपत्ती असाही होतो आणि नुसते मत असाही. म्हणून मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला दृष्टिकोनवाद विज्ञानावरचा हल्ला वाटतो, तर उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याला तो परवाना वाटतो : इर्तिका हा केवळ एक नजरिया, आमचा वेगळा. दोन्ही गैरसमज शब्दाने केलेले आहेत. सीमेवरच्या गावांत पोवारी, हिंदी, मराठी, उर्दू एकाच बाकावर बसतात; तेथे या शब्दांची फोड पहिल्याच तासाला व्हावी.

गिअरींच्या मांडणीतही उणिवा आहेतच. अंजन चक्रवर्ती यांचा 2010 मधील आक्षेप वजनदार आहे : वेगवेगळ्या दृष्टिकोनांतून दिसणारे पुष्कळसे वस्तूच्याच निरनिराळ्या वृत्ती असतात. मीठ पाण्यात विरघळते, रॉकेलमध्ये नाही. यात दृष्टिकोन कसला? मार्गारेट मॉरिसन यांनी 2011 मध्ये अणुकेंद्राचे उदाहरण घेतले. एका प्रारूपात ते द्रवाच्या थेंबासारखे, दुसऱ्यात कवचांची रचना असलेले. ही प्रारूपे परस्परविसंगत आहेत, आणि ‘दोन्ही आपापल्या जागी’ म्हटल्याने केंद्र कसे आहे हे कळत नाही. माझ्या मते गिअरींकडे याला समाधानकारक उत्तर नाही. मिकेला मासिमी यांच्या लेखनात, विशेषतः 2022 च्या ‘पर्स्पेक्टिव्हल रिअ‍ॅलिझम’मध्ये, ते अधिक आहे : एका दृष्टिकोनातील दाव्याची परीक्षा दुसऱ्या दृष्टिकोनातूनही व्हावी लागते. हा ग्रंथ विनामूल्य वाचता येतो, हे आपल्या ग्रंथालयांच्या दृष्टीने महत्त्वाचे.

वर्गात याला जोड म्हणून इब्न अल-हैसम घ्यावेत. ‘किताब अल-मनाजिर’ मध्ये त्यांनी दृष्टी कशी घडते हे प्रयोगाने तपासले; टॉलेमीवरील शंकांच्या ग्रंथात ज्या आचार्याकडून शिकले त्याचीच विसंगती दाखवली. उर्दूच्या विद्यार्थ्याला ‘मनाजिर’ आणि ‘नजरिया’ एकाच धातूतून आलेले आहेत, हे फळ्यावर लिहून दाखवता येते; मराठीच्या विद्यार्थ्यासाठी त्याच फळ्यावर ‘दृष्टी’ आणि ‘दृष्टिकोन’ लिहावे, आणि मग गिअरींचे रंगदर्शनावरील प्रकरण उघडावे.