कपातलं पाणी : 'इनिशियल डी' वाचताना बाबांनी विचारलेला प्रश्न

तुमचा संशोधनाचा विषय घरच्यांना सांगता येतो का? मला दोन वर्षं येत नव्हता. "कौशल्य-हस्तांतरणातलं अव्यक्त ज्ञान" असं म्हटलं की आई जेवायला वाढायला उठायची. शेवटी मदतीला आली ती एक जपानी चित्रकथा.

शुइची शिगेनो यांची 'इनिशियल डी' ही मांगा-मालिका १९९५ ते २०१३ या काळात आली, ४८ खंडांत. वरवर पाहता ती सुधारणा केलेल्या जपानी स्पोर्ट्स कार आणि रात्रीच्या घाटातल्या शर्यतींची गोष्ट आहे. गुन्मा प्रांतातला बुन्ता फुजिवारा टोफूचं दुकान चालवतो. त्याचा मुलगा ताकुमी तेराव्या वर्षापासून पहाटे जुन्या टोयोटा ट्रुएनो एई८६ मधून घाटापलीकडे टोफू पोचवतो. बाप गाडीत पाण्याने भरलेला कप ठेवतो. पाणी सांडता कामा नये, एवढीच अट. ब्रेक मारताना, वळताना गाडीचं वजन कुठे सरकतं हे मुलाला अंगानेच शिकावं लागतं. पुढे तो ताकदवान माझदा आरएक्स-७ ला हरवतो, पण कसं जमलं हे त्याला नीट सांगता येत नाही.

मी खूश! मायकेल पोलान्यी यांनी मांडलेल्या अव्यक्त ज्ञानाचं आयतं उदाहरण मिळालं होतं. तसं प्रकरणही लिहून टाकलं.

मग सुट्टीत घरी गेलो असताना बाबांना हा प्रसंग सांगितला. ते एसटीत चालक होते. म्हणाले, "बरोबर आहे. उभ्या पॅसेंजरचा तोल गेला की समजायचं, ड्रायव्हर कच्चा." आणि लगेच विचारलं, "पण त्या पोराला गाडीची आवड कधी लागली?"

इथे माझं प्रकरण कोसळलं. कारण सुरुवातीला ताकुमीला आवड नसतेच! गाडी चालवणं म्हणजे त्याच्या लेखी घरचं काम. पहिल्या शर्यतीला तो जातो तेही बापाने गाडी आणि भरलेली टाकी कबूल केली म्हणून. आवड आहे ती त्याच्या मित्राला, इत्सुकीला. हा गाड्यांबद्दल अखंड बोलतो, पण घेताना चुकून एई८५ घेतो : दिसायला जवळपास तशीच, इंजिन कमकुवत. लोक हसतात. तेव्हा ताकुमी तीच गाडी हातात घेऊन हसणाऱ्यांना मागे टाकतो. माझ्या मते मालिकेतला हा सर्वांत चांगला प्रसंग आहे. एकाकडे हात आहे, दुसऱ्याकडे वेड, आणि एका गाडीत बसल्यावर दोघांनाही काहीतरी मिळतं.

म्हणजे कौशल्य आणि आवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचे रस्तेही वेगळे. कौशल्य बापाकडून आलं, जवळजवळ न बोलता. आवड लागली ती मित्रांच्या पेट्रोल पंपावरच्या गप्पांतून आणि शर्यतींतून. पोलान्यींनी मला अर्धंच उत्तर दिलं होतं. उरलेलं अर्धं मी शोधलंच नव्हतं, कारण सिद्धान्ताचं नाव सापडलं की काम झालं असं वाटलं होतं. ही चूक तुम्ही करू नका.

मालिकेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. जपानमध्ये कारचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो. तेरा वर्षांच्या मुलाला घाटात पाठवणाऱ्या बापाला मालिका फारसा जाब विचारत नाही. उत्तरार्धात 'प्रोजेक्ट डी' हा संघ येतो आणि गोष्ट नव्या-नव्या प्रतिस्पर्ध्यांची यादी होत जाते. इत्सुकी मागे पडतो, आणि त्याच्यासोबत वेड वाटून घेण्यातली गंमतही. आवडत्या कलाकृतीबद्दल हे लिहिणं जिवावर येतं, पण चाहता आणि अभ्यासक यांतला फरक तिथेच दिसतो.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिण्याआधी एक करा. व्याख्या बाजूला ठेवा आणि तुमच्या विषयातला एकच प्रसंग घरी कुणाला तरी सांगा. ते जो पहिला प्रश्न विचारतील तो वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीत बाबांचा प्रश्न आहे, आणि ते प्रकरण मी आता पुन्हा लिहितोय.