देवळालीचा ताप : एका इंग्रजी शब्दाची उलटतपासणी

आजचा विषय एक जुना इंग्रजी शब्द आहे, पण तो आपल्या निजामपुऱ्यापासून फार लांबचा नाही. भिवंडीतून आग्रा रोडला लागायचं, कसारा घाट चढायचा, इगतपुरी मागे टाकायची, की नाशिकच्या अलीकडे उजव्या हाताला देवळाली. या गावाचं नाव इंग्रजीत गेलं ते 'डूलॅली' होऊन, आणि त्याचा अर्थ झाला डोकं फिरलेला, भ्रमिष्ट. इंग्रजांना ळ कुठला म्हणता येतोय! देऊळ आठवावं असं नाव, ते गोऱ्या सोल्जरच्या तोंडात असं गोल झालं. मूळ प्रयोग मात्र दोन शब्दांचा होता : 'डूलॅली टॅप'.

आधी 'टॅप' पाहू, कारण तिथे आपली माणसं फार लवकर खूश होतात. टॅप म्हणजे आपला ताप, म्हणून हा मराठी शब्द, असं सांगितलं जातं. आम्हाला हे मान्य नाही. पलटणीत साहेब आणि नोकर यांच्यात चालायची ती मोडकी हिंदुस्थानी, मराठी नव्हे. त्या हिंदुस्थानीत 'तप' हा तापासाठीचा शब्द फारसीकडून आलेला. संस्कृत ताप आणि फारसी तप हे एकाच मुळाचे, म्हणजे चुलतभाऊ. भाऊ आपला आहे म्हणून त्याची मिळकत आपली होत नाही. मात्र मराठी माणसाला हा प्रयोग भाषांतराशिवाय कळतो, हेही खरंच. 'डोक्याला ताप' आपण रोज म्हणतो, आणि तेव्हा थर्मामीटर कुणी काढत नाही. इंग्रजी कानाला टॅप म्हणजे टिचकी किंवा नळ. त्यामुळे तो शब्द तिकडे पुढे गळून पडला आणि नुसतं डूलॅली उरलं, असा आमचा तर्क आहे.

आता मुख्य वाद. देवळालीला वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा अर्थ आला, असं अनेक ठिकाणी ठोकून दिलेलं असतं. आम्ही या स्पष्टीकरणावर समाधानी नाही. देवळालीची मोठी ओळख होती ती संक्रमण छावणीची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घाटातून रेल्वे झाली, सुएझचा कालवा 1869 साली खुला झाला, आणि मुंबई बंदर हे गोऱ्या फौजेचं मोठं येण्याजाण्याचं दार झालं. ज्या शिपायांची नोकरीची मुदत संपली त्यांना देवळालीला आणून ठेवायचं आणि जहाज आलं की मुंबईला उतरवायचं. पण सैनिकी जहाजं वर्षभर सुटत नसत. ती हिवाळ्याच्या हंगामात सुटत. हंगाम चुकला तर पुढल्या हंगामापर्यंत बसा.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. त्याचं 'ओल्ड सोल्जर साहिब' हे पुस्तक 1936 साली आलं. तो सांगतो की मुदत संपलेल्यांकडे ना हत्यार ना काम. वेळ खायला उठे. ज्यांची नोकरी निष्कलंक गेली अशी माणसं तिथे गुन्हे करून कैदेत गेली, काही गुप्तरोग घेऊन इस्पितळात. हा शब्द त्या कंटाळ्यातून आला असावा, असं त्याचं म्हणणं. आणि तेही तो 'मला वाटतं' म्हणून मांडतो, छाती ठोकून नाही. हा साक्षीदार आम्हाला कोशकारांपेक्षा भरवशाचा वाटतो, कारण तो वेडाचं कारण माणसाच्या मेंदूत शोधत नाही, जहाजांच्या वेळापत्रकात शोधतो. इस्पितळाची गोष्ट सोयीची असते. तिच्यात वेडा आधीपासून वेडा असतो, सरकारकडे बोट जात नाही.

गंमत बघा. ज्या गावाचं नाव तिकडे वेडाला दिलं, ते गाव इकडे हवेसाठी प्रसिद्ध. मुंबईचे पारशी, गुजराती देवळालीला हवापालटाला जात, तिथे त्यांची सॅनेटोरियमं आहेत. हवा दोघांना एकच. एकाला परतीचं तिकीट खिशात होतं, दुसऱ्याच्या हातात काही नव्हतं.

भिवंडीला हे वेगळं समजावून सांगायला नको. 2020 च्या मे महिन्यात यंत्रमाग बंद, खोलीचं भाडं चालू, आणि गोरखपूरच्या गाडीत नंबर लागेल का म्हणून लोक बसून होते. ज्यांना बसवेना ते याच नाशिकच्या रस्त्याने चालत निघाले. काम संपलंय, घर दूर आहे, आणि वाहन कधी येणार ते दुसरंच कुणी ठरवणार, ही ती अवस्था. तिला आपल्याकडे कुणी नाव दिलं नाही. गोऱ्या शिपायाने निदान तेवढं केलं, पण नाव दिलं ते गावाचं. छावणी ज्यांनी चालवली त्यांचं नाही.

पुढे तो शब्द हलका होत गेला. बीबीसीने 1974 ते 1981 या काळात एक विनोदी मालिका चालवली, तिचे सुरुवातीचे भाग देवळालीतच घडतात. त्यात रंगी राम हा हिंदी नोकर चेहरा रंगवलेल्या मायकेल बेट्सने केला. मालिका आम्हाला साफ त्याज्य वाटत नाही, कंटाळलेल्या फौजेची नाडी तिला सापडली आहे. पण हसण्याचा भार वाहायला गाव आणि गावकरीच.

आणि आपण? 'याला ठाण्याला पाठवा' असं म्हणताना आपल्या जिल्ह्याच्या गावाचं आपण तेच करतो. तिथलं मनोरुग्णालय 1901 पासूनचं, म्हणून ठाणे म्हणजे वेड. पुणेकर येरवडा म्हणतात, उत्तरेत आग्रा म्हणतात, लंडनकरांनी बेथलेम इस्पितळावरून 'बेडलम' केला. पण या सगळ्या ठिकाणी खरोखर इस्पितळ होतं. म्हणूनच लोकांनी देवळालीलाही एक बांधून दिलं असावं, नुसत्या ओळखीच्या साच्यात बसावं म्हणून. त्याच शिपायाने मायदेशाला 'ब्लायटी' म्हटलं, तेही आपल्या विलायतीवरूनच. ब्लायटीचं जहाज लागेपर्यंत तो डूलॅलीत होता. हे दोन शब्द इंग्रजी कोशात वेगवेगळ्या पानांवर पडले आहेत. ते शेजारी ठेवून वाचावेत.