ग्रंथांच्या सहवासातील गुन्हा

रहस्यकथेत बहुधा खून असतो. तरीही दिवसभराच्या श्रमानंतर मनाला विसावा मिळावा म्हणूनच असंख्य वाचक ती हाती घेतात. इंग्रजीत 'कोझी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सौम्य रहस्यकथांत, आणि त्यांतही ज्या ग्रंथांच्या सहवासात घडतात त्यांत, हा विरोधाभास अधिकच जाणवतो. कॅरोलिन हार्ट यांच्या 'डेथ ऑन डिमांड' (१९८७) या कादंबरीची नायिका तर रहस्यकथांचेच दुकान चालवते. या ओढीचे मूळ कशात असावे?

कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी 'द गिल्टी व्हिकरेज' (१९४८) या निबंधात त्याचे मार्मिक उत्तर दिले आहे. त्यांच्या मते रहस्यकथेचा वाचक एदेन बागेत परतण्याचे स्वप्न पाहत असतो. एक गुन्हेगार सापडला की बाकीचे सारे निर्दोष ठरतात, आणि त्या निर्दोषांत वाचक स्वतःलाही मोजतो. ग्रंथालय हे या एदेनचे सुसंस्कृत रूप होय. तेथे प्रत्येक ग्रंथाची जागा ठरलेली असते. कथेच्या अखेरीस विस्कटलेले जगही तसेच पुन्हा जागच्या जागी लावले जाते.

या समाधानाची किंमत मात्र मृतांना मोजावी लागते. अगाथा ख्रिस्ती यांच्या 'द बॉडी इन द लायब्ररी'त (१९४२) कर्नल बँट्री यांच्या घरच्या ग्रंथालयात एका तरुण मुलीचे प्रेत सापडते. ते तेथे आले कसे, या कोड्यात आपण इतके गुंततो की तिच्यासाठी हळहळायला सवडच उरत नाही.

डोरोथी सेअर्स यांची 'गॉडी नाइट' (१९३५) ही कादंबरी या वाटेने निघून निराळ्याच मुक्कामी पोहोचते. १९२० साली ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास प्रारंभ केला, तेव्हाच्या पहिल्या पदवीधारक स्त्रियांत सेअर्स होत्या. कादंबरीतले स्त्रियांचे श्रूजबरी महाविद्यालय काल्पनिक असले, तरी त्यातली ज्ञाननिष्ठा अनुभवाची आहे. येथे खून होत नाही. निनावी चिठ्ठ्या येतात, एका विदुषीच्या ग्रंथाची मुद्रिते विद्रूप केली जातात, नव्या ग्रंथालयाची उद्घाटनाच्या तोंडावर नासधूस होते. याचे मूळ जुन्या घटनेत आहे. एका अभ्यासकाने आपल्या सिद्धांताला बाधक ठरणारा पुरावा दडवला. मिस डी व्हाइन यांनी ते उघडकीस आणले. त्याची नोकरी गेली व त्याने आत्महत्या केली. ग्रंथांवर उगारलेला हात हा त्याच्यामागे उरलेल्या दुःखाचा आहे.

मिस डी व्हाइन यांनी सत्य सांगितले ते योग्यच केले, याविषयी लेखिकेच्या मनात संदेह नाही. पण पुढे त्या माणसाचे काय झाले याची आपण चौकशीही केली नाही, हा दोष मिस डी व्हाइन स्वतःकडे घेतात. या कबुलीपाशी कादंबरी सामान्य रहस्यकथेच्या वर उठते. गुन्हेगार ओळखला गेल्यावरही येथे उरलेले सारे निर्दोष ठरत नाहीत, आणि वाचकालाही त्या सोयीच्या यादीत जागा मिळत नाही.

पापनिवेदनाची परंपरा जपणाऱ्या आपल्या समाजाला हा विचार परका वाटू नये. दोष दाखवणे आवश्यकच असते. परंतु दोषी माणूस त्यानंतरही आपलाच उरतो, हे हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यातून आपण शिकलो आहोत. सौम्य रहस्यकथांनी विसावा जरूर द्यावा. 'गॉडी नाइट' तो देते, आणि सत्य बोलल्यानंतरच्या आपल्या जबाबदारीची आठवणही करून देते.