निपाणीच्या तंबाखूवरील संशोधन : एक समीक्षण

शास्त्रीय संशोधनाविषयी आपल्या धर्मसेवकांत साधारणतः दोन वृत्ती आढळतात. काही जण ते श्रद्धेच्या प्रांताबाहेरचे म्हणून बाजूस ठेवतात. काही जण वर्तमानपत्रात आलेला एखादा आकडा उचलून तो प्रवचनात वापरतात. दोन्ही वृत्तींत संशोधन वाचण्याचे श्रम टळतात. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात ऐहिक विषयांची आणि शास्त्रांची योग्य ती स्वायत्तता मान्य केली. ती मान्यता देणाऱ्यांवर शास्त्रज्ञाचे म्हणणे नीट ऐकून घेण्याचे आणि मगच त्याची पारख करण्याचे बंधनही येते. या दृष्टीने प्रस्तुत लेखात एकाच पिकाभोवती झालेले तीन प्रकारचे संशोधन तपासावयाचे आहे. पीक आहे विडीची तंबाखू. परिसर आहे निपाणीचा, आणि त्यातही दूधगंगेच्या खोऱ्यातील बोरगावसारख्या गावांचा.

हा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आजच्या कर्नाटकात आला. पूर्वी चिकोडी तालुक्यात असलेली ही गावे आता निपाणी तालुक्यात मोडतात. सिंचन वाढले तसा ऊस पसरला, तरी निपाणीचे नाव अद्याप तंबाखूशीच जोडलेले आहे. शेतकरी पान पिकवितो. वखारीत स्त्रिया ते कुटतात आणि चाळतात. घरोघर तेंदूच्या पानात तीच तंबाखू वळली जाते. आणि अखेरीस कोठेतरी एखादा मजूर ती विडी ओढतो. या साखळीच्या एकेका कडीवर विद्वानांनी परिश्रम केले आहेत.

पहिले संशोधन पानाविषयी आहे. केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था १९४७ साली राजमहेंद्री येथे स्थापन झाली. निपाणी येथेही कृषि संशोधन केंद्र असून ते धारवाडच्या कृषि विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते आणि विडीच्या तंबाखूवर काम करते. या शास्त्राचे प्रश्न स्पष्ट असतात : कोणते वाण अधिक उतारा देईल, रोगास कोणते तोंड देईल, पानाची प्रत कशी सुधारेल. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. तथापि या शास्त्राचे माप हेक्टरी किलोचे आहे. ते पान तोडणारा हात या मापात येत नाही. ओल्या पानातील निकोटिन त्वचेतून शरीरात शिरते, आणि मळमळ, ओकाऱ्या, चक्कर व डोकेदुखी अशी लक्षणे दिसू लागतात. या आजाराचे वर्णन अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात १९७० साली प्रसिद्ध झाले; पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी गुजरातेतील तंबाखूच्या मजुरांत त्याची पाहणी केली. पान एकच, परंतु त्याचा उतारा मोजणारी विद्या एक आणि त्याने होणारी बाधा मोजणारी विद्या दुसरी.

दुसरे संशोधन ओढणाऱ्याविषयी आहे. त्यातील सर्वांत महत्त्वाचा निबंध प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या आधारे अकरा लाख घरे निवडण्यात आली. २००१ ते २००३ या काळात तेथे मृत्यू पावलेल्या सुमारे ७४,००० प्रौढांची तुलना सुमारे ७८,००० जिवंत प्रौढांशी केली गेली, आणि मृत व्यक्ती धूम्रपान करीत असे काय, हे घरच्यांना विचारले गेले. निष्कर्ष गंभीर आहे. विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरीने सुमारे सहा वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रीचे सुमारे आठ वर्षांनी, तर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे सुमारे दहा वर्षांनी घटते. २०१० नंतरच्या दशकात धूम्रपानामुळे भारतात दरवर्षी सुमारे दहा लाख मृत्यू घडतील, असा अंदाज त्यात वर्तविला होता.

या निबंधातील एक गोष्ट आपल्या धर्मशिक्षकांनी विशेष ध्यानी घ्यावी. आपण व्यसनमुक्तीविषयी बोलतो तेव्हा बहुधा कर्करोगाचेच भय घालतो. या अभ्यासात मात्र क्षयरोगाने येणारा मृत्यू धूम्रपान करणाऱ्यांत, न करणाऱ्यांच्या मानाने, दुपटीहून अधिक प्रमाणात आढळला. क्षय हा दाटीवाटीच्या घरांचा आणि अपुऱ्या अन्नाचा रोग आहे. म्हणजे विडी गरिबाच्या जुन्याच शत्रूला बळ देते.

येथे एक विसंगतीही नोंदविली पाहिजे. मुंबईत पस्तीस वर्षांवरील नागरिकांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००५ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांत तंबाखू न वापरणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा मृत्युधोका १.३७ पट, तर विडी ओढणाऱ्यांचा १.६४ पट आढळला. एका अभ्यासात सिगारेट अधिक घातक, दुसऱ्यात विडी. यावरून शास्त्र गोंधळलेले आहे असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. समाज वेगळा, पद्धत वेगळी, म्हणून क्रम वेगळा. परंतु विडी जीव घेते, याविषयी दोन्ही साक्षी एकमताच्या आहेत. विडीत तंबाखू थोडी असते हे खरे, पण ती विझू नये म्हणून वारंवार झुरके घ्यावे लागतात. तेव्हा 'विडी सौम्य' ही लोकसमजूत निराधार आहे.

तिसरे संशोधन काम करणाऱ्या हातांविषयी आहे. १९८० च्या सुमारास सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रिया संघटित झाल्या. वखारीतील धूळ, अपुरी मजुरी आणि मुकादमाची अरेरावी यांविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. त्यांच्यावर युगांतर या चित्रपटगटाने १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. छाया दातार यांनी या संघटनेचा जो अभ्यास केला, तो 'वेजिंग चेंज' या नावाने १९८९ साली दिल्लीच्या काली फॉर विमेन या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. या ग्रंथाचा मोठा गुण असा की येथे स्त्री मोजली जाण्यासाठी येत नाही. ती विचार करणारी, निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून येते. लेखिका स्वतः स्त्रीमुक्तीच्या चळवळीतील असल्यामुळे निरीक्षकाची अलिप्तता येथे नाही. काहींना हा दोष वाटेल. मला तो दोष वाटत नाही, कारण आपण कोठे उभे आहोत हे लेखिका लपवीत नाही, आणि वाचकास त्याचा हिशेब धरता येतो.

परंतु या तिसऱ्या संशोधनासही त्याची मर्यादा आहे. संघटना आणि मजुरी हा त्याचा विषय. त्या मजुरीतून तयार झालेल्या विडीचे पुढे काय होते, हे त्याच्या कक्षेत येत नाही. हीच गोष्ट शेतकऱ्यांच्या लढ्याचीही आहे. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी हजारो शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग अडविला, आणि ६ एप्रिल रोजी पोलिसांच्या गोळीबारात बारा शेतकरी मृत्युमुखी पडले. तो अन्याय होता, आणि त्या भावाची मागणी रास्त होती. तथापि ओढणाऱ्याचा प्रश्न त्या व्यासपीठावर नव्हता.

आता बोरगावातील एका घराची कल्पना करू. थोरल्या भावाच्या शेतात पान आहे, वहिनी विड्या वळते, आजोबा विडी ओढतात आणि रात्रभर खोकतात. कृषिशास्त्राला यांतील पहिला दिसतो, समाजशास्त्राला दुसरी, वैद्यकाला तिसरे. एकाच चुलीवर जेवणारी ही माणसे तीन विद्याशाखांत विभागली जातात. यात शास्त्रांचा अपराध नाही. विषय मर्यादित केल्यावाचून कोणतेही मोजमाप अचूक होत नाही. परंतु काय मोजावयाचे हे ठरविणे ही मोजण्यापूर्वीची कृती आहे, आणि ती नैतिक कृती आहे. एकच शासन पानाचा उतारा वाढविण्यासाठी केंद्रे चालविते आणि त्याच शासनाच्या नोंदींतून त्या पानाचे बळी मोजले जातात. दोन्ही कामे प्रामाणिकपणे होऊ शकतात, तरी दोहोंची गाठ घालून देण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नसते.

हे काम काही अंशी आपले आहे. गोळीबारानंतर पाचच महिन्यांनी, १४ सप्टेंबर १९८१ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांचे मानवी श्रमाविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध झाले. श्रमाचे मोल प्रथमतः तो करणाऱ्या माणसावरून ठरते, असा त्याचा गाभा आहे. हा निकष स्वीकारला तर केवळ 'तंबाखू हे पाप' असे सांगून मोकळे होता येत नाही, कारण मग विडी वळणाऱ्या विधवेला आपण दोषी ठरवितो आणि तिला दुसरे काम देत नाही. उलट 'पोटासाठी चालायचेच' असेही म्हणता येत नाही, कारण मग खोकणाऱ्या आजोबांना आपण विसरतो. याकोबाच्या पत्रात मजुरी अडवून ठेवणाऱ्यांना दिलेला इशारा आपण वाचतो. मजुराचा श्वास अडविणाऱ्या धंद्यालाही तो लागू होतो काय, याचा विचार झाला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रणविषयक करारास भारताने २००४ साली मान्यता दिली. त्याच्या सतराव्या कलमात तंबाखूवर जगणाऱ्या शेतकरी-कामगारांसाठी परवडणारे पर्यायी व्यवसाय उभे करण्यास प्रोत्साहन द्यावे, असे म्हटले आहे. दुसरीकडे विडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ च्या कायद्यान्वये वसूल होणारा उपकर २०१७ साली वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर रद्द झाला. पर्यायाचे वचन एका दस्तऐवजात राहिले आणि जुन्या आधाराचा स्वतंत्र निधी आटला. सरकारी दवाखान्यात व कचेरीत सोबत जाणाऱ्या धर्मशिक्षकाला या दोन्ही गोष्टी ठाऊक असल्या पाहिजेत.

आणखी एक उणीव भाषेची आहे. वर उल्लेखिलेले निबंध व ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाले. या भागाचा कारभार कन्नडमध्ये चालतो. आणि ज्यांच्याविषयी हे सारे लिहिले गेले, त्यांतील बहुसंख्य घरांत मराठी बोलतात. अनिल अवचट यांच्यासारख्या लेखकाने निपाणीच्या कामगार स्त्रियांविषयी मराठीत लिहिले म्हणून मराठी वाचकाला त्यांचे दुःख कळले. ज्याच्या घरी जाऊन 'मेलेला माणूस विडी ओढत होता काय' असे विचारले, त्याच्या घरी उत्तर घेऊन परतणे हे ऋण आहे. विद्यापीठे ते फेडोत वा न फेडोत, गावात राहणाऱ्या धर्मसेवकाला ते काही प्रमाणात फेडता येईल.

म्हणून धर्मगुरुबंधूंना आणि धर्मशिक्षकांना एक साधी शिस्त सुचवावीशी वाटते. कोणतेही संशोधन हाती आले की तीन प्रश्न विचारावे : यात कोणाला मोजले आणि कोणाला मोजले नाही? कोणाची तुलना कोणाशी केली? निष्कर्ष ज्यांचे आहेत त्यांच्यापर्यंत तो पोहोचला काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून आकडा प्रवचनात आणू नये. आणि उत्तरे मिळाली की तो आणण्यास कचरू नये. बोरगावच्या त्या घरात आजोबांना विडी सोडण्यास साहाय्य, वहिनीला हातमोजे, मजुरीचा हिशेब आणि दुसऱ्या कामाची वाट, व भावाला पर्यायी पिकाची खरी माहिती, ही तिन्ही कामे एकाच भेटीत सुरू होऊ शकतात.