आइन्स्टाइनची संगीतरुचि

एखादा पुरुष एका विषयांत थोर ठरला, कीं इतर विषयांतील त्याचें मतही थोरच असलें पाहिजे, अशी लोकांची भाबडी समजूत असते. आल्बर्ट आइन्स्टाइन (१८७९-१९५५) यांच्या व्हायोलिनविषयीं जें लिहिलें जातें, त्यांतील बरेंचसें याच समजुतीवर उभें आहे. मोत्सार्टच्या सुरांतून सापेक्षतावाद जन्मास आला, असें सांगणारेही आढळतात. हा प्रवाद एकवार पारखून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

आइन्स्टाइन यांच्या मातोश्री उत्तम पियानो वाजवीत. सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या हातीं व्हायोलिन आलें. पण शिक्षकांच्या घोकंपट्टीमुळें त्याला गोडी लागली नाहीं. तेराव्या वर्षाच्या सुमारास मोत्सार्टच्या सोनाटांनीं त्याला वेड लावलें, आणि त्या वाजवितां याव्यात म्हणून तो आपण होऊन शिकूं लागला. पुढें बाख व मोत्सार्ट हींच त्यांचीं दैवतें राहिलीं. शूबर्टही त्यांस प्रिय होता. परंतु बेथोवेन फार नाट्यमय व व्यक्तिनिष्ठ वाटे, देब्युसीचे रंग नाजूक पण रचना दुबळी भासे, आणि वाग्नर तर बहुधा असह्यच होई.

या आवडींत सुसंगति आहे खरी. सृष्टीच्या नियमांत जी आटोपशीर, अपरिहार्य रचना ते शोधीत, तीच त्यांस सुरांतही हवी होती. कर्त्यानें आपलें मन मध्यें आणलेलें त्यांस रुचत नसे. परंतु रुचि म्हणजे कसोटी नव्हे. बेथोवेननें १८२५ सालीं लिहिलेल्या 'ग्रोस्से फ्यूग'मध्यें बाखच्याच परंपरेंतील बंध घेऊन त्यांत आपला सारा झगडा ओतला आहे. तेथें रचना आणि व्यक्तित्व यांचें वैर कोठें आहे? १९३० सालीं रवीन्द्रनाथ ठाकूर यांच्याशीं झालेल्या संभाषणांत भारतीय गायकाच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला होता. ज्यांचे कान ख्यालावर वाढले आहेत, त्यांस तर गायकाच्या व्यक्तित्वावांचून राग उभा राहतो हेंच पटणें कठीण.

मग या आवडीचें मोल काय? आपल्या संशोधनावर संगीताचा परिणाम होत नाहीं, मात्र दोहोंचें पोषण एकाच ओढींतून होतें, असें आइन्स्टाइन यांनींच १९२८ सालीं एका पत्रांत कळविलें होतें. त्यांच्या भक्तांपेक्षां हें उत्तर आम्हांस अधिक शास्त्रीय वाटतें.

मुलाचें गणित सुधारावें म्हणून त्याच्या हातीं वाद्य देणाऱ्या सुशिक्षित मातापित्यांनीं हें उत्तर ध्यानांत ठेवावें. त्या तेरा वर्षांच्या मुलास व्हायोलिनपासून कांहीं मिळवावयाचें नव्हतें; त्याला केवळ त्या सोनाटा वाजवावयाच्या होत्या.