बरोबरची खूण, आडवा ऱ आणि संकेतस्थळावरील मराठी : एक चिकित्सा

मराठी संकेतस्थळांचे मूल्यमापन करताना आशय आणि मांडणी यांचा विचार होतो. चिन्हांचा सहसा होत नाही. प्रवेशाच्या कागदपत्रांच्या यादीत प्रत्येक नावाआधी बरोबरची खूण (✓) उमटली की काम झाले, असे मानले जाते. ही खूण ‘विंगडिंग्ज’ या टंकातून घेतली असेल, तर संगणकाच्या लेखी ती खूण नसतेच. साठवलेले असते डोक्यावर दोन टिंबे असलेले रोमन अक्षर. टंक बदलला की तेच पडद्यावर येते. युनिकोडमध्ये मात्र या खुणेला २७१३ हा स्वतंत्र संकेतांक आहे.

युनिकोडपूर्व टंकांनी साऱ्या देवनागरीची हीच गत केली होती : रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या. युनिकोडमुळे तो प्रश्न पूर्णपणे मिटला, असे म्हणणे धाडसाचे आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतील अर्थभेद एका आडव्या रेघेवर उभा आहे. ती दोन प्रकारे लिहिता येते : ०९३१ हा संकेतांक असलेला ऱ आणि हलन्तचिन्ह, किंवा साधा र, हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडक. मानकाला दोन्ही मान्य आहेत आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु संकेतांकांची अक्षरशः तुलना करणाऱ्या शोधाला ते दोन भिन्न शब्द वाटतात. शिवाय मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना अदृश्य जोडक गळाला, तर डोंगरातील दऱ्यांचा थेट दर्या होतो!

१९७२ पासून कृषी विद्यापीठ असलेल्या परभणी जिल्ह्यात हा प्रश्न केवळ व्याकरणप्रेमींचा नाही. ‘शेतकरी’ या शब्दाला विभक्ती लागताच हीच रेघ येते : शेतकऱ्याला, शेतकऱ्यांसाठी. सल्ला एका पद्धतीने टंकित आणि शोध दुसऱ्या पद्धतीने, असे झाल्यास सल्ला असूनही सापडत नाही.

६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाच्या निमित्ताने ल आणि श यांच्या आकारांची चर्चा झाली. ती अनाठायी नव्हती. तथापि आकार हा टंकाचा विषय आहे, त्याने संकेतांक बदलत नाही. आडव्या ऱ चे तसे नाही. महाविद्यालयांनी ०९३१ चा मार्ग निश्चित करून जुना मजकूर त्यात रूपांतरित करणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. मात्र शोधचौकटीत टंकलेल्या शब्दावरही तीच प्रक्रिया करावी लागेल. ते राहून गेल्यास रूपांतराचा उपयोग निम्माच.